बिनवासाचं

पेठनाका आला आणि गेला, पण बिराप्पानं गाडी वळवलीच नाही.

आबेदा मागच्या सीटवर, सरकत्या दाराशी बसली होती. पुढचं तिला काही दिसत नव्हतं. तिच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये मावळ्यांचे अंगरखे, कोळणींची लुगडी, मोरांचे पिसारे आणि वीस-बावीस सैनिकांचे गणवेश अशी गाठोडी छतापर्यंत रचलेली होती. बाजूच्या काचेतून सांगलीची पाटी मागे पडताना दिसली, तशी तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं हाक मारली तेव्हा गाठोड्यांपलीकडून आवाज आला, "व्हय, भाभी." झोपेतून उठवलेल्या माणसाचा असावा तसा तो आवाज होता.

दोन-अडीच किलोमीटर पुढे जाऊन गाडी उलटी फिरवावी लागली. बिराप्पा म्हणाला, ध्यान नव्हतं. एकोणीस वर्षं या रस्त्यावर गाड्या हाकलेला माणूस पेठनाका विसरतो कसा, हे आबेदाला कळेना. सांगलीत शाळेपाशी तो खाली उतरला तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते आणि चेहरा ओढलेला. गाठोडी उतरवून घेताना तो एकदा थांबला आणि गाडीच्या दाराला धरून उभा राहिला.

त्या दिवशी आबेदाच्या मनात जे शिरलं ते पुढचे तीन आठवडे बाहेर पडलं नाही.

साताऱ्यात गुरुवार पेठेत आबेदा आणि तिचा नवरा अफताब यांचं ड्रेस शिवायचं आणि भाड्यानं द्यायचं काम होतं. कापड बेतणं अफताबकडे. गुडघे गेल्यामुळे तो घरातच मोठ्या टेबलाशी उभा राहून कात्री चालवायचा. शिवण, शाळांशी बोलणं आणि माल पोचवणं हे सगळं आबेदाकडे. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं लागली की तिला जेवायला फुरसत नसे. सातारा, कराड, आष्टा, सांगली, मिरज इकडच्या शाळा तिचे ड्रेस वर्षानुवर्षं घेत. माल न्यायला एक जुनी व्हॅन होती, गॅसचं किट बसवलेली. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. मुलगी मदिहा गाडी शिकली होती, पण तिचं कॉलेज होतं, शिवाय लायसन नवं. म्हणून उन्हाळ्यात आबेदानं बिराप्पाला ठेवलं.

बिराप्पा जतकडचा, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्याचं गाव. घरी बायको मनुबाई आणि थोडी मेंढरं. कामाला लागला त्याच दिवशी त्यानं आपणहून सांगितलं होतं, "भाभी, म्या आदी लय प्यायचो. सा वर्सं झाली, थेंब न्हाई. बिरोबाची आण घेतलीया. उद्या दुसऱ्या कुणाकडनं कळाय नगं म्हणून आदीच सांगतो."

तेव्हा आबेदाला त्याचं कौतुक वाटलं होतं. पेठनाक्यानंतर मात्र तीच गोष्ट तिला वेगळी दिसू लागली. पूर्वी प्यायचा हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं, मग पुन्हा प्यायला लागायला त्याला कितीसा वेळ लागणार? ज्या माणसानं खरं सांगितलं, त्याच्याच खऱ्याचा तिनं त्याच्यासाठी फास वळायला घेतला.

तिनं लक्ष ठेवायला सुरुवात केली. सकाळी साडेपाचला तो गाडी काढायला यायचा तेव्हा काही ना काही निमित्तानं ती त्याच्या जवळ जाऊन उभी राहायची. किल्ली देताना, चहा देताना हळूच श्वास ओढून घ्यायची. वास लवंगेचा यायचा, दुसरा कसलाच नाही. गाडी उभी असताना तिनं पुढचा कप्पा उघडून पाहिला. त्यात लवंगांची पुडी होती आणि डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. सीटखाली, दारांच्या खोबणीत, गॅसच्या टाकीमागे तिनं हात घालून पाहिलं. बाटली कुठेच नव्हती.

शेजारच्या एका बाईनं कधीतरी सांगितलं होतं की वास येत नाही अशीही दारू मिळते. आबेदाला ते नेमकं आठवलं. आता वास न येणं हाच पुरावा झाला. लवंग वास मारायला आणि गोळ्या उतार पडावा म्हणून, असा तिनं अर्थ लावला. तो सकाळी निघताना ताठ असायचा आणि कराड मागे पडलं की ढेपाळायचा, हेही तिच्या हिशोबात चपखल बसलं. गाठोड्यांच्या भिंतीआड तो एकटा असतो. कोण बघतंय?

तिचंही डोकं त्या दिवसांत सांगलीला पोचेपर्यंत जड व्हायचं. पण ती रात्री बारा-बारापर्यंत मशीनवर असायची, जड होणारच. शिवाय तिला गाडी लागायची, म्हणून कितीही थंडी असली तरी ती आपल्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवायची आणि तोंडावर ओढणी घेऊन बसायची. पुढच्या काचा बिराप्पा घट्ट लावून घेत असे. डिसेंबरातली पहाट, आणि हायवेवर धुकं.

अफताबजवळ तिनं हे काढलं तेव्हा तो कापडावर खडूनं रेघ मारत होता. मान वर न करता तो म्हणाला, "त्याला विचार. वास कसले घेत बसतेस?"

पण विचारलं असतं तर बिराप्पानं शपथ घेतली असती, आणि शपथ घेतली की विश्वास ठेवावा लागला असता. आबेदाला ते नको होतं. तिला त्याला पकडायचं होतं.

त्यातच गाडीचं निघालं. थंडीत सकाळी गाडी चालू केली की पहिली पाच-सात मिनिटं सीटखालून टिकटिक असा आवाज यायचा, रिकामं शिवणयंत्र चालवावं तसा. इंजिन तापलं की आवाज दबायचा. बिराप्पानं ते दोनदा सांगितलं. शेवटी एका दुपारी एमआयडीसीच्या रस्त्यावर इलाहीच्या गॅरेजला गाडी दाखवली. इलाही मिस्त्री आबेदाच्या माहेरच्या गल्लीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सीट उचलली, खालचं झाकण काढलं, बॅटरी मारून पाहिलं आणि एका जागी बोट फिरवून तिला दाखवलं. बोट काळंकुट्ट झालं होतं.

"एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय," तो म्हणाला. इंजिनातला जळका वायू ज्या लोखंडी नळीतून बाहेर जातो, ती नळी इंजिनाला जिथे बसते तिथे मध्ये पातळ पत्र्याची एक पट्टी असते. ती जळली की फटीतून वायू फुसफुसतो. गाडी गार असताना फट मोठी असते म्हणून आवाज येतो, लोखंड तापून फुगलं की आवाज कमी होतो. लोकांना वाटतं बरं झालं. तसं ते होत नसतं. हे सामान ठरावीक किलोमीटरला बदलायचं नसतं, पण आवाज आला, काजळी दिसली, की थांबायचं नाही. त्यानं हे सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि गाडी दोन दिवस सोडायला सांगितली. बोल्ट गंजले होते. एखादा तुटला तर कोरून काढावा लागणार होता.

आबेदानं विचारलं, तोवर चालणार नाही का?

"चालायला चालेल," इलाही म्हणाला. "पण चालवू नका."

का ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तिच्या डोक्यात 'दोन दिवस' एवढेच शब्द अडकले होते. त्याच आठवड्यात जतला यल्लमाची यात्रा होती. बिराप्पानं सुट्टी मागितली नव्हती, आणि इतक्या जवळच्या यात्रेला सुट्टी न मागणारा माणूस तिला जास्तच संशयास्पद वाटला. आता गाडी गॅरेजला लागली की सुट्टी आपोआप मिळत होती. ती फोनवर बोलायला बाजूला गेली आणि परत आली, तेव्हा बिराप्पा आणि इलाही बाकड्यावर चहा पीत काहीतरी बोलत होते. ती जवळ आल्यावर दोघंही गप्प झाले.

हंगाम संपल्यावर बघू, असं सांगून ती गाडी घेऊन आली. वाटेत बिराप्पा एवढंच म्हणाला, "भाभी, करून घेतलं असतं तर बरं झालं असतं." तिला त्यात यात्राच ऐकू आली.

मग सांगलीतल्या त्या शाळेचा दिवस उजाडला. विश्रामबागेकडची मोठी शाळा, आबेदाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पटांगणात मांडव घातलेला, मुलं तालमीसाठी रांगेत उभी होती. बिराप्पानं गाडी मागे घेतली आणि मागचा बंपर मांडवाच्या खांबाला लागला. खांब कलला, वरचं कापड एका बाजूनं खाली आलं. मुलं ओरडत पांगली. कुणाला काही झालं नाही, पण खांबापासून रांग हातभरच लांब होती.

मुख्याध्यापिका धावत आल्या. बिराप्पा खाली उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. डोळे लालभडक. त्याचा तोल जातोय हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

"हा माणूस प्यायलाय का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

मांडवाखाली आठ-दहा शिक्षक होते, शिपाई होते, काही मुलांच्या आयाही होत्या. आबेदा म्हणाली, "हो. प्यायलाय. मला आधीपासून माहीत होतं."

बिराप्पानं तिच्याकडे पाहिलं. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता.

"भाभी, माजं डोकं फुटतंय. पर म्या प्यालो न्हाई. दवाखान्यात न्या. रगत तपासा माजं."

ती म्हणाली, तपासायला वेळ नाही, किल्ली दे.

त्यानं किल्ली तिच्या हातात दिली नाही. शेजारी उभ्या असलेल्या हरिबा शिपायाच्या हातात ठेवली, आणि फाटकातून बाहेर पडून बसस्टँडच्या दिशेनं चालू लागला. वाटेत एकदा थांबून तो नाल्याशी वाकला. उलटी करत असावा. आबेदाला वाटलं, आता तरी सगळ्यांना पटलं असेल.

तिनं मदिहाला फोन केला. मदिहा एसटीनं सांगलीला आली आणि दुपारी तिनंच गाडी साताऱ्याला आणली. गाडी रिकामी, ऊन चढलेलं, म्हणून साऱ्या काचा खाली घेतलेल्या. मदिहा हळू पण छान चालवत आली, रस्ताभर बोलत होती. पेठनाक्याला नीट वळली. आबेदानं मनाशी ताडलं, गाडीत काही दोष नाही. दोष माणसातच होता.

बिराप्पा पुन्हा आला नाही. राहिलेला पगार अफताबनं फोनवरून त्याच्या खात्यावर पाठवला.

चार दिवसांनी मिरजेच्या एका शाळेचा माल होता. सकाळी साडेपाचलाच निघायला हवं होतं. मदिहानं कॉलेज बुडवलं. गाठोडी पुन्हा छतापर्यंत गेली. धुकं असं की हायवेला लागेपर्यंत मदिहा गाडी चालवत नव्हती, ढकलतच होती. गारठ्यानं मदिहानं पुढच्या दोन्ही काचा लावून घेतल्या. आबेदा मागे, ओढणी तोंडावर, काच चार बोटं उघडी.

कराडपर्यंत माय-लेकी बोलत होत्या. मग मदिहाचं बोलणं कमी झालं. कासेगाव मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, पेठनाका गेला का?"

तिचा आवाज ऐकून आबेदा दचकली. तोच आवाज. झोपेतून उठवलेल्या माणसाचा.

आणि तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला वाटलं, हिनं काहीतरी घेतलंय. रात्री उशिरापर्यंत फोनवर होती. कुणाशी बोलत होती? कसली गोळी घेतली? संशयाला एकदा वाट सापडली की माणूस कोण आहे हे तो बघत नाही. पोटची पोरगीही त्याला पुरते.

मग मागून ट्रकचा हॉर्न कानात घुसला. व्हॅन उजवीकडे सरकत होती. आबेदा जिवाच्या आकांतानं ओरडली. मदिहानं स्टिअरिंग डावीकडे ओढलं, ब्रेक मारला, गाडी रस्त्याकडेच्या मातीत जाऊन थांबली. इंजिन चालूच. आबेदानं दार सरकवून उडी मारली आणि पुढचं दार उघडलं. मदिहाचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. तिनं पोरीला काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि मातीत बसवलं. गार वाऱ्यात दोन-तीन मिनिटांनी मदिहानं डोळे उघडले आणि ती भडभडा ओकली. डोळे लाल झाले होते. "डोकं फुटतंय, अम्मी," ती म्हणाली.

ऊस भरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं एक जीप थांबवून दिली. कराडच्या दवाखान्यात मदिहाच्या नाकाला ऑक्सिजन लावला. तिथला तरुण डॉक्टर एकेक विचारत गेला. घरात शेगडी पेटवून झोपता का? बंद खोलीत गिझर आहे का? आबेदानं सगळ्याला नाही म्हटलं.

"गाडीत धूर येत होता का?"

"नाही. धूर नाही, वास नाही. काहीच नव्हतं."

"गाडी कुठली? इंजिन कुठंय?"

"सीटखाली," आबेदा म्हणाली.

डॉक्टरनं लिहायचं थांबवलं. म्हणाला, हा कार्बन मोनॉक्साइड, या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. इंजिनात तो तयार होतो आणि बंद जागेत हळूहळू माणसाच्या रक्तात भिनतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग बोलणं जड होतं आणि माणूस प्यायल्यासारखा वागायला लागतो. आणखी अर्धा तास गेला असता तर हे बोलायची वेळ आली नसती. मग त्यानं नर्सला हाक मारली आणि सांगितलं, पोरीचं रक्त तपासायला घ्या.

रक्त तपासा हे शब्द ऐकले आणि आबेदा भिंतीला टेकून खाली बसली. नर्सला वाटलं तिलाही त्रास होतोय. त्रास होताच, पण तो ऑक्सिजननं जाणारा नव्हता.

मदिहा दुसऱ्या दिवशी घरी आली. व्हॅन दोरानं ओढून इलाहीच्या गॅरेजला आणली होती. त्यानं मॅनिफोल्ड उतरवला. एक बोल्ट तुटलाच. गॅस्केट निघालं ते तीन ठिकाणी जळून काळं पडलेलं, एका भोकापाशी तर बोटभर पत्रा उडूनच गेला होता. बरोबर त्याच्या वर, सीटखालच्या झाकणाचं रबर कुजून लोंबत होतं. वायू बाहेर जायच्या ऐवजी सरळ चालवणाऱ्याच्या मांडीखाली येत होता. गाठोड्यांची भिंत त्याला मागे जाऊ देत नव्हती आणि आबेदाची उघडी काच तिला वाचवत होती.

"मी नीट सांगायला पाहिजे होतं," इलाही म्हणाला. "चालवू नका म्हणालो, पण का ते बोललो नाही. मला वाटलं, दोन दिवसांनी आणालच."

आबेदानं विचारलं, त्या दिवशी बाकड्यावर बसून दोघं काय बोलत होता?

इलाहीनं आठवून सांगितलं. बिराप्पा विचारत होता, रविवारी गॅरेज उघडाल का. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी तो गाडी आणून उभी करणार होता, म्हणजे भाभीचा माल अडणार नाही. इलाही म्हणाला होता, मालकिणीनं सांगितलं तर उघडतो. "तुम्ही आलात, म्हणून गप्प बसलो. गाडी तुमची, तुमच्या मागं ठरवणं बरं दिसत नाही."

नवं गॅस्केट बसलं, नवे बोल्ट बसले, झाकणाचं रबर बदललं. इलाहीनं सांगितलं की मॅनिफोल्ड पुन्हा कधी उतरवला तर हेच गॅस्केट परत लावू देऊ नका, उघडलं की नवंच. आबेदा मान हलवत होती. निघताना तिनं जळकं गॅस्केट मागून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

बिराप्पाचा फोन तिनं चार वेळा लावला. त्यानं उचलला नाही. हंगाम उरकला, आणि जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी ती मदिहाला घेऊन जतच्या पुढे, त्याच्या गावी गेली. ज्वारी हुरड्यात आलेली, मधूनच एखादी डाळिंबाची बाग, बाकी उघडं माळरान. घर विचारत विचारत सापडलं. दारात मनुबाई ज्वारी निवडत बसली होती. आबेदानं नाव सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला, पण बसा म्हणाली नाही.

बिराप्पा मिरजेला पशुखाद्याच्या टेम्पोवर लागला होता आणि त्या दिवशी घरी होता. तो आतून आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

आबेदा उभ्यानंच सगळं बोलली. पेठनाक्यापासून. वास घेतल्याचं, कप्पा तपासल्याचं, गॅरेजमधलं, मदिहाचं. फडकं सोडून तिनं गॅस्केट मनुबाईसमोर सुपात ठेवलं आणि उडालेला भाग बोटानं दाखवला. मनुबाईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. बोटांना काजळी लागली.

"म्हंजे हे रोज ह्यांच्या पोटात जात हुतं?"

"हो."

"आन तुमची पोरगी पडली तवा तुमाला कळलं."

"हो."

"पोरगी पडली नसती तर?"

याचं खरं उत्तर आबेदाला माहीत होतं. पोरगी पडली नसती तर तिनं बिराप्पाला जन्मभर दारुडाच समजलं असतं, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी गाडीत मेला असता.

मग मनुबाई हळूहळू बोलू लागली. शाळेत जे घडलं ते जतच्या कुणीतरी सांगलीत ऐकलं होतं आणि बिराप्पा घरी पोचायच्या आधी गावात पोचवलं होतं. सहा वर्षांपूर्वीची दारू मनुबाईनं भोगली होती. तिनं त्याला दुसऱ्याच दिवशी बिरोबाच्या देवळात नेलं आणि पुन्हा भंडारा उचलून आण घ्यायला लावली. तो गेला, भंडारा उचलला, परत आला. "तरी मला पटंना," मनुबाई म्हणाली. "रोज राती ह्यांची कापडं हुंगायची. डबा हुंगायची. ह्येनी बघत्यात हे ठावं असून हुंगायची."

ती बिराप्पाकडे बघत नव्हती. सुपातल्या दाण्यांकडे बघत बोलत होती. आबेदा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. दोन बायकांनी एकाच माणसाचा वास घेतला होता, आणि त्या दोघींनाही एकमेकींच्या नजरेला नजर देणं कठीण झालं होतं.

मग बिराप्पा चौकटीतून बोलला. "हितं बोलला, बरं झालं. पर तितं बोलला हुता ते तितंच बोला."

म्हणून त्याच गुरुवारी आबेदा दोघा नवरा-बायकोला घेऊन सांगलीच्या त्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका कसल्याशा कागदांत गुंतल्या होत्या. आबेदानं सांगितलं, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोलले, हा माणूस प्यायला नव्हता. मुख्याध्यापिकांनी चष्मा वर करून बिराप्पाकडे पाहिलं, आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "कुठला ड्रायव्हर? अच्छा, मांडवाचं म्हणताय होय? अहो, ते तर मी विसरूनही गेले होते. बसा ना."

बिराप्पा बसला नाही. तो थोडा हसल्यासारखा झाला आणि बाहेर आला. ज्या शब्दांनी त्याचं घर महिनाभर उलथंपालथं झालं होतं, ते इथे चार दिवसही टिकले नव्हते. पण व्हरांड्यात हरिबा शिपाई होता. त्याला सगळं आठवत होतं. त्यानं बिराप्पाचा हात धरला आणि विचारलं, तब्येत बरी हाय का आता? त्या दिशी तुमी फाटकाबाहेर गेला, मी पाणी घेऊन मागं आलतो, पर तुमी दिसला न्हाई. आबेदानं हरिबासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिथे दोन शिक्षिका थांबून ऐकू लागल्या, तरी ती थांबली नाही.

फाटकाबाहेर आल्यावर तिनं बिराप्पाला परत कामावर यायला सांगितलं. गाडी दुरुस्त झालीय, म्हणाली, आणि तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

बिराप्पा रस्त्याकडे बघत होता. "भाभी, तुमी चांगल्या हायसा. पर तुमी परत वास घ्याल. आन तुमी न्हाई घेतला, तरी मला वाटंल घेतलाच."

आबेदानं त्याला पुन्हा आग्रह केला नाही. तो खरं बोलत होता आणि यावेळी तिला ते लगेच पटलं.

मिरजेची बस आली. गर्दी बरीच होती. मनुबाई पदर खोचून आधी वर चढली, बिराप्पासाठी खिडकीपाशी जागा धरली आणि तो आत येईपर्यंत त्या जागेवर हात पसरून बसून राहिली.